निर्बंध लादतात, पण लागू पडतात का?

कारभारी

दोन देशांचं बिनसलं की पहिली हाक उठते ती व्यापार तोडण्याची. सैन्य पाठवायला नको, आपली माणसं मरायला नकोत, नुसतं नाक दाबायचं, तोंड आपोआप उघडेल. १९१९ साली अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन राष्ट्रसंघाचा प्रचार करत गावोगाव फिरत होते, तेव्हा त्यांच्या भाषणांचा सूर हाच होता. बहिष्काराचं हत्यार शांत आहे पण प्राणघातक आहे, ते हातात असताना युद्धाची गरजच पडणार नाही.

परीक्षा सोळा वर्षांनी झाली. ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला आणि नोव्हेंबरात राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध घातले. बंदीच्या यादीत तेल नव्हतं. सुएझ कालवाही इटलीच्या जहाजांना उघडाच होता. मे १९३६ मध्ये आदिस अबाबा पडलं, जुलैत निर्बंध उठले. ज्याने चटका बसला असता नेमकं तेवढं वगळून बाकी सगळं बंद करण्याचा हा प्रकार.

उलट टोकाचं उदाहरण सहा वर्षांनी आलं. जुलै १९४१ मध्ये जपानने दक्षिण इंडोचायनात सैन्य घुसवलं, त्यावर अमेरिकेने जपानी मालमत्ता गोठवली आणि पाठोपाठ तेल तोडलं. जपानचं साधारण ८० टक्के तेल अमेरिकेतूनच यायचं. म्हणजे या वेळी वर्मावर घाव होता, काही वगळलेलं नव्हतं. मागणी होती चीनमधून बाहेर पडण्याची. जपानी सेनापतींनी साठ्यातलं तेल किती महिने पुरेल याचा हिशेब केला, आणि ते संपायच्या आत ७ डिसेंबरला पर्ल हार्बर झालं. सौम्य निर्बंधाने काही साधलं नाही, कडक निर्बंधाने युद्ध ओढवलं.

हिशेब मांडायचा प्रयत्न अभ्यासकांनीही केलाय. वॉशिंग्टनच्या पीटरसन इन्स्टिट्यूटमधल्या हफबॉअर, शॉट आणि मंडळींनी पहिल्या महायुद्धापासूनची जवळपास दोनशे प्रकरणं तपासली आणि साधारण ३४ टक्के ठिकाणी निदान अंशतः यश आलं असं म्हटलं. त्यांच्या आधीच्या यादीतली 'यशस्वी' म्हटलेली ४० प्रकरणं रॉबर्ट पेप यांनी १९९७ मध्ये पुन्हा उकरली आणि त्यातली जेमतेम पाच टिकतात असा निकाल दिला. बाकी ठिकाणी एक तर लष्करी बळ वापरलं गेलं होतं, नाहीतर मागणी पुरी झालीच नव्हती. दोन्ही आकड्यांत एक मोठी फट आहे. नुसत्या धमकीने जो वाकला त्याच्यावर निर्बंध लागतच नाहीत, म्हणून तो यादीत येत नाही. यादीत उरतात ते मुळातले हट्टी.

माझा मुद्दा टक्केवारीचा नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं हे बऱ्याचदा खरं ठरतं. पण तोंड उघडल्यावर नाक सोडायचं असतं, ते दाबणाऱ्याच्या लक्षात राहत नाही, किंवा त्याला सोडता येत नाही. समोरच्याला हे कळलं की तो तोंड उघडायच्या फंदातच पडत नाही.

अमेरिकेने १९७४ च्या व्यापार कायद्यात जॅक्सन-वॅनिक नावाची दुरुस्ती घातली. सोव्हिएत संघ ज्यूंना देश सोडू देत नाही, तोवर त्याला व्यापारात बरोबरीची वागणूक नाही. पुढे ज्यू लाखोंनी बाहेर पडले. १९९१ मध्ये खुद्द सोव्हिएत संघ संपला. दुरुस्ती मात्र रशियाला लागूच राहिली, दरवर्षी अध्यक्षांनी शेरा मारायचा आणि गाडं पुढे ढकलायचं. ती रशियापुरती रद्द झाली डिसेंबर २०१२ मध्ये, आणि ज्या कायद्याने रद्द झाली त्याच कायद्यात रशियन अधिकाऱ्यांवरचे नवे मॅग्निट्स्की निर्बंध (तुरुंगात मेलेल्या एका रशियन करसल्लागाराच्या नावाचे) होते!

लिबियाचं पाहा. लॉकरबीच्या विमानस्फोटात १९८८ मध्ये २७० माणसं गेली. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध लागले. मागणी नेमकी होती, दोन संशयित ताब्यात द्या. १९९९ मध्ये गद्दाफीने ते दिले. २००३ मध्ये भरपाई कबूल केली, निर्बंध उठले, वर्षअखेरीस त्याने अण्वस्त्रांचा कार्यक्रमही सोडून दिला. निर्बंधांच्या बाजूने याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण. पण २०११ मध्ये नाटोची विमानं त्याच्यावर आली आणि ऑक्टोबरात तो मारला गेला. मार्च महिन्यातच उत्तर कोरियाने जाहीर सांगितलं होतं की लिबियाने शस्त्रं टाकली म्हणून त्याची ही गत झाली.

आणि इराण. २०१२ मध्ये युरोपने तेल घेणं थांबवलं, इराणी बँका स्विफ्टमधून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून) काढल्या, तेव्हा इराण खरोखर टेबलाशी आला. जुलै २०१५ मध्ये अणुकार्यक्रम मर्यादित ठेवण्याचा करार झाला. इराणने समृद्ध युरेनियमचा बहुतेक साठा देशाबाहेर पाठवला, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तपासणीनंतर वारंवार 'करार पाळला जातोय' असा अहवाल दिला. मे २०१८ मध्ये अमेरिकाच करारातून बाहेर पडली. एप्रिल २०२१ मध्ये इराण ६० टक्के समृद्धीवर पोचला होता. कराराची मर्यादा ३.६७ टक्के होती.

इथे जहाजं, बँका, आयात-निर्यात यांत काम करणारे बरेच जण आहेत. तुमच्या टेबलावर हे प्रकरण कसं दिसतं ते वाचायला आवडेल. (भारत-पाक हाणामारी वेगळ्या धाग्यावर करावी ही विनंती.)

शंकासुर

चांगला धागा. पण तुम्ही सोयीची उदाहरणं निवडलीत. दक्षिण आफ्रिका कुठे गेली? वर्णद्वेषी राजवट निर्बंधांनी वाकली की नाही?

तिरकस

आता प्रत्येक जण आपापला देश घेऊन येणार. बसतो इथेच.

कारभारी

शंकासुरा, दक्षिण आफ्रिका माझ्याच बाजूची आहे, म्हणून प्रतिसादासाठी राखून ठेवली होती. :)

सुरुवात आपण केली. १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. एकट्या भारताच्या बंदीने काय होणार, काही झालं नाही. १९७७ मध्ये सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी सक्तीची केली, तर त्यांनी स्वतःचे शस्त्रकारखाने वाढवले. खरा दणका १९८५ मध्ये बसला आणि तो कुठल्या सरकारने दिलाच नव्हता. देशात आणीबाणी लागलेली, रोज दंगली, ते पाहून न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटनने अल्पमुदतीच्या कर्जांची मुदत वाढवायला नकार दिला. बाकीच्या बँका मागोमाग. चलन कोसळलं, सरकारला परतफेड थांबवावी लागली.

१९८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने रेगन यांचा नकाराधिकार मोडून काढून कायदा केला. त्या कायद्यातली मला आवडणारी गोष्ट अशी की निर्बंध कधी उठतील ते त्यातच लिहून ठेवलं होतं. मंडेला आणि इतर राजकीय कैद्यांची सुटका, आणीबाणी मागे, पक्षांवरची बंदी मागे, वंशनोंदणीचा आणि वस्त्या वेगळ्या ठेवणारा कायदा रद्द, वाटाघाटी सुरू. फेब्रुवारी १९९० मध्ये मंडेला सुटले, १९९१ च्या जूनमध्ये ते कायदे गेले आणि जुलैत बुश यांनी निर्बंध उठवले. तिथले अध्यक्ष डी क्लर्क यांना आपल्या गोऱ्या मतदारांना दाखवता आलं, की हे केलं, हे मिळालं.

निर्बंधांनीच सगळं झालं असं म्हणणार नाही. शीतयुद्ध संपत आलं होतं, आणि देशातल्या देशात कामगार संघटनांनी आणि वस्त्यांतल्या लोकांनी राज्य चालवणं मुश्कील करून ठेवलं होतं. त्यांचं श्रेय वॉशिंग्टनला देऊ नये.

अबोली_

वाचतेय. उठवण्याच्या अटींचा मुद्दा नवीन होता माझ्यासाठी.

अणुरेणू

भारतावर निर्बंध लागले होते ते विसरू नका. मे १९९८, पोखरण. अमेरिकेने कर्जं, मदत, तंत्रज्ञान बंद केलं, जपानने मदत थांबवली. त्याच ऑगस्टमध्ये स्टेट बँकेने अनिवासी भारतीयांसाठी रिसर्जंट इंडिया बाँड काढले आणि सुमारे ४.२ अब्ज डॉलर गोळा केले. सप्टेंबर २००१ मध्ये निर्बंध उठले. तोवर आपण ना एनपीटीवर (अण्वस्त्रप्रसारबंदी करार) सही केली ना सीटीबीटीवर (अणुचाचणीबंदी करार). निकाल शून्य!

गंमत म्हणजे निर्बंधांना पहिलं भोक अमेरिकेच्याच शेतकऱ्यांनी पाडलं. स्फोट पाकिस्ताननेही केले, निर्बंध त्याच्यावरही होते, आणि पाकिस्तान त्यांचा गव्हाचा मोठा गिऱ्हाईक. स्फोटांना दोन महिने होत नाहीत तोच काँग्रेसने शेतमालाच्या कर्जाला सूट दिली.

शंकासुर

निकाल शून्य? रॉकेटच्या क्रायोजेनिक (अतिथंड इंधनाच्या) इंजिनाबद्दल बोला ना मग.

१९९१ मध्ये इस्रोचा सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या अंतराळ संस्थेशी करार झाला, इंजिनं आणि ती बनवायचं तंत्रज्ञान दोन्ही मिळणार होतं. मे १९९२ मध्ये अमेरिकेने दोघांवरही निर्बंध लादले. १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं, तयार इंजिनं तेवढी दिली. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाचं पहिलं यशस्वी उड्डाण कधी? ५ जानेवारी २०१४. मधे एप्रिल २०१० चा प्रयत्न फसला होता. दोन दशकं गेली राव. त्या काळात आपले जड उपग्रह फ्रेंच गयानातून एरियान रॉकेटने जायचे आणि त्याचे पैसे परकीय चलनात मोजावे लागायचे.

१९९८ नंतरही तेच. नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरचे सुटे भाग अडकले. तेजसच्या उड्डाणनियंत्रण प्रणालीवर लॉकहीड मार्टिनमध्ये काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत पाठवलं. आपण वाकलो नाही हे खरं. पण ज्याला आपला वेग कमी करायचा होता त्याचं काम झालं.

अणुरेणू

आणि त्या वीस वर्षांत आपण ते स्वतः शिकलो, ते धरायचं नाही? १९८० च्या दशकात क्रे कंपनीचे हवे ते महासंगणक नाकारले म्हणून सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था उभी राहिली, १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

शंकासुर

शिकलो, मान्य. पण नकार मिळाला म्हणून आपलं भलं झालं, हे म्हणणं आता जरा अतीच झालंय. नकार मिळूनही आपण तरलो एवढंच म्हणा. ज्या गोष्टी नकारामुळे झाल्याच नाहीत त्यांची यादी कुणी छापत नाही.

कारभारी

तुम्हा दोघांच्या भांडणात एक भेद निघाला तो कामाचा आहे. एखाद्या देशाने मत बदलावं म्हणून केलेले निर्बंध वेगळे, आणि त्याच्या हातात अमुक वस्तू पडू नये म्हणून केलेले वेगळे. दुसऱ्या प्रकारात समोरच्याने वाकायची गरजच नसते, उशीर झाला की भागलं. अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनवर घातलेली प्रगत चिपची बंदी याच जातीची. ऑगस्ट २०२३ मध्ये हुआवेने सात नॅनोमीटरची देशी चिप घालून फोन काढला तेव्हा 'बंदी फसली' अशी ओरड झाली. फसली की काही वर्षांचा उशीर करून गेली, हे ठरायला वेळ लागेल. माझा मुद्दा पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

खलाशी

जहाजांच्या विम्याशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून रशियाबद्दल लिहितो. जरा लांबेल.

डिसेंबर २०२२ मध्ये जी-७ देशांनी रशियन कच्च्या तेलाला पिंपामागे ६० डॉलरची कमाल किंमत ठरवून दिली. बऱ्याच लोकांना वाटतं ती तेल घेणाऱ्यावर बंदी होती. तसं नव्हतं. तेल जगात येत राहावं आणि रशियाला पैसा मात्र कमी मिळावा, अशी दुहेरी कसरत होती. ती करायला पकडलं कुणाला, तर विमावाल्यांना. समुद्रावरच्या जवळपास ९० टक्के मोठ्या जहाजांचा तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा जहाजमालकांच्याच बारा विमा-क्लबांच्या एका गटाकडे आहे आणि त्यांचा मुख्य कारभार लंडनच्या आसपास. तेलगळती झाली, टक्कर झाली, की भरपाई तेच देतात. त्या विम्याशिवाय बरीच बंदरं जहाज आत घेत नाहीत. म्हणून तेव्हा नियम असा होता, की ६० डॉलरच्या आत घेतलेल्या तेलालाच विमा.

आता हे कळणार कसं? कागदावर. तेल विकत घेणारा लिहून देतो की मी मर्यादेत घेतलं. ते पत्र जहाजमालकाकडे जातं, त्याचं पत्र विमावाल्याकडे. विमावाला सौदा पाहत नाही, पत्र पाहतो. मग व्यापाऱ्यांनी काय केलं, तर तेलाची किंमत ५८ दाखवायची आणि भाडं, हाताळणी वगैरे खर्च फुगवून लावायचे. भाड्याची कंपनी बहुतेक वेळा ओळखीतलीच.

आणि ज्यांना एवढीही कटकट नको त्यांनी जुनी जहाजं घेतली. पंधरा-वीस वर्षं चाललेली, भंगारात जायच्या वाटेवरची टँकर एकदम महागली. मालक म्हणजे कालपरवा नोंदलेली एका जहाजाची कंपनी. झेंडा आज गॅबनचा, सहा महिन्यांनी आणखी कुणाचा. ग्रीसच्या दक्षिणेला लाकोनियाच्या आखातात दोन जहाजं शेजारी लावून एकातलं तेल दुसऱ्यात घ्यायचं, मलेशियाच्या किनाऱ्याबाहेरही तेच चालतं. जहाज कुठे आहे ते सांगणारं यंत्र मधेच गप्प होतं, किंवा जहाज भलत्याच ठिकाणी उभं असल्याचं दाखवतं. असं एखादं जहाज फुटलं तर भरपाई कुणाकडे मागायची, याचं उत्तर कुणाकडेच नाही. मला निर्बंध फसले की नाही यापेक्षा त्याची जास्त काळजी वाटते.

तिरकस

खलाशीभाऊ, म्हणजे निर्बंधांनी रशियाचं तेल थांबलं नाही, पण जगभरच्या भंगार टँकरना नवं आयुष्य मिळालं.

खलाशी

थोडक्यात तसंच. पण सगळं व्यर्थ गेलं असंही नाही. ही सगळी उठाठेव फुकट होत नाही. लांबचा फेरा, सवलत, दलाल, सगळं वजा होऊन रशियाच्या हातात कमी पडतं. आपण २०२२ च्या आधी रशियाकडून दोन टक्क्यांच्या आसपास तेल घ्यायचो, ते पुढे एक तृतीयांशाच्या वर गेलं. प्रेमापोटी नाही, सवलत मिळत होती म्हणून.

सुमती_क

रशियाच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी घाईने निकाल दिले गेले. एप्रिल २०२२ मध्ये नाणेनिधीचा अंदाज होता की अर्थव्यवस्था साडेआठ टक्क्यांनी आक्रसेल. प्रत्यक्षात त्या वर्षी घट एक-दोन टक्क्यांचीच झाली आणि २०२३ मध्ये वाढ दिसली. लगेच मथळे, निर्बंध निष्प्रभ. पण ती वाढ कसली होती? तोफगोळे बनवले की तेही उत्पादनात मोजतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्या मध्यवर्ती बँकेला व्याजदर २१ टक्क्यांवर न्यावा लागला. युद्ध सुरू झालं त्या आठवड्यात घाबरून २० केला होता, त्याच्याही वर.

मला लक्षात राहिलेली गोष्ट मोटारीची आहे. फ्रान्सच्या रेनोने लाडा बनवणाऱ्या रशियन कंपनीतला आपला हिस्सा नाममात्र एका रूबलला सोडला आणि २०२२ च्या जूनमध्ये लाडा ग्रांटा पुन्हा बनायला लागली, एअरबॅग नसलेली, एबीएस ब्रेक नसलेली. सरकारने सुरक्षेचे नियमच सैल केले होते. कारखाना चालू, कामगार कामावर, आकडेवारीत मोटार म्हणजे मोटार. ती वीस-तीस वर्षं मागची आहे हे जीडीपीत दिसत नाही.

जमाखर्च

कारभारीसाहेब, तुम्ही बँकांबद्दल विचारलंत. मी व्यापारी कर्जाच्या विभागात काम करतो, निर्बंधांची छाननी हा त्यातला मोठा भाग. बाहेरच्यांना वाटतं यादीत नाव असेल तर अडवतात, नसेल तर जाऊ देतात. आमच्याकडे तसं कुणीच वागत नाही.

अमेरिकेच्या यादीतल्या माणसाचा कंपनीत ५० टक्के वा जास्त हिस्सा असेल तर ती कंपनीही बंदीत, तिचं नाव यादीत नसलं तरी. मग मालकाचा मालक कोण हे शोधत बसा. २०१४ मध्ये बीएनपी परिबा या फ्रेंच बँकेला सुदान, इराण, क्यूबा यांच्याशी केलेल्या व्यवहारांपायी जवळपास ९ अब्ज डॉलर दंड झाला. तो आकडा प्रत्येक बँकेतल्या प्रशिक्षणात येतो. त्यानंतर कुठला अधिकारी चार पैशांच्या कमिशनसाठी जोखीम घेईल?

इराणला औषधं पाठवायला बंदी नव्हती. कायद्यात स्पष्ट सूट. पण औषधाचं बिल भागवायला बँक लागते, आणि बँकेत फाइल येते ती माझ्यासारख्याच्या टेबलावर. कागद पूर्ण, सूट लागू, व्यवहार कायदेशीर. तरी वरून शेरा येतो, 'धोरण म्हणून घेत नाही.' असे शेरे मी स्वतः टंकलेत. कायद्याने दिलेली सूट बँकेच्या टेबलावर मरते.

विदिशा

हेच इराकमध्ये झालं, आणि किती तरी मोठ्या प्रमाणावर. ऑगस्ट १९९० ते मे २००३. पाण्याच्या शुद्धीकरणाला लागणाऱ्या क्लोरिनपासून पंपांच्या भागांपर्यंत सगळं 'शस्त्रासाठी वापरता येईल' म्हणून अडकायचं. पाच लाख मुलं गेली म्हणतात. आणि वर अमेरिकेने निर्लज्जपणे सांगायचं की किंमत योग्य आहे!

शंकासुर

विदिशाताई, तो पाच लाखांचा आकडा आता टिकत नाही. २००३ नंतरच्या पाहण्यांत बालमृत्यूंची तेवढी उसळी दिसलीच नाही. सद्दामच्या सरकारने आकडे फिरवले होते.

आणि एक कडू गोष्ट. २००३ मध्ये अमेरिका आत घुसली तेव्हा सामूहिक संहाराची शस्त्रं सापडली नाहीत. का नाही सापडली? कारण निर्बंध आणि तपासणी यांनी त्यांचं काम केलं होतं. ज्या निर्बंधांना सगळे फसलेले म्हणतात, ते त्या एका बाबतीत पूर्ण लागू पडले होते आणि ते कुणी तपासून पाहिलं नाही.

विदिशा

आकडा खोटा ठरला म्हणून हाल खोटे ठरत नाहीत. डेनिस हॅलिडे हे बगदादमधले संयुक्त राष्ट्रांचे मदतप्रमुख, त्यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनीही २००० मध्ये दिला. ही माणसं काही सद्दामची भाट नव्हती.

आणि सद्दाम दुबळा झाला का? लोकांचं रेशन सरकारच्या हातात गेलं. पोट ज्याच्या हातात त्याच्याविरुद्ध कोण उठणार? तेलाच्या बदल्यात अन्न ही योजना १९९६ मध्ये सुरू झाली, तर त्यातही त्याने दलाली खाल्ली. संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या चौकशीच्या २००५ च्या व्होल्कर अहवालात दोन हजारांहून जास्त कंपन्यांची नावं निघाली. आपल्याकडे नटवर सिंग यांचं परराष्ट्रमंत्रिपद त्यातच गेलं.

कारभारी

तुमचं दोघांचंही बरोबर आहे, आणि एक धागा राहिलाय तो जोडतो. सुरक्षा परिषदेच्या ठरावात लिहिलं होतं की शस्त्रं नष्ट झाली की तेलावरची बंदी उठेल. पण मार्च १९९७ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट यांनी जाहीर भाषणात सांगितलं की शस्त्रांची अट पाळली म्हणून निर्बंध उठतील हे आम्हाला मान्य नाही. सद्दाम असेपर्यंत ते राहणार हा त्याचा अर्थ बगदादला कळलाच. मग तपासणीला सहकार्य करून सद्दामला मिळणार काय होतं? त्याने शस्त्रं तर गमावली, पण ती नाहीत हे नीट सिद्धही करू दिलं नाही.

पायवाट

कुणी नेपाळचं नाव घेत नाहीये म्हणून मी घेतो. सप्टेंबर २०१५. भूकंपात नऊ हजारांच्या आसपास माणसं जाऊन पाच महिनेही झाले नव्हते. नवी राज्यघटना आली, तराईतल्या मधेशींना ती मान्य नव्हती, दिल्लीलाही नव्हती. सीमेवरच्या रक्सौल-बीरगंजला ट्रक अडले. इंधन नाही, औषधं नाहीत. फेब्रुवारीपर्यंत चाललं.

अणुरेणू

ती नाकाबंदी भारताने केली नव्हती. मधेशी आंदोलक सीमेवर बसले होते, सरकारने तसं स्पष्ट सांगितलंय.

पायवाट

सांगितलंय खरं. पण बीरगंजला आंदोलक असताना इतर नाक्यांवरूनही इंधन का आटलं, हे नेपाळी माणसाला विचारा. तो वाद सोडू. परिणाम पाहा. जानेवारी २०१६ मध्ये घटनेत छोटी दुरुस्ती झाली, ती मधेशी पक्षांनीही अपुरी म्हणून नाकारली. मार्चमध्ये तेव्हाचे पंतप्रधान ओली बीजिंगला गेले आणि चिनी बंदरं वापरण्याचा करार करून आले. पुढच्या निवडणुकीत 'भारतापुढे वाकलो नाही' हे त्यांचं भांडवल होतं. माल आजही प्रामुख्याने भारतातूनच जातो, डोंगर काही हलले नाहीत. पण काठमांडूत एक पिढी ते महिने लक्षात ठेवून आहे.

सुमती_क

चीन-जपानचं असंच. सप्टेंबर २०१० मध्ये सेनकाकू या वादग्रस्त बेटांजवळ चिनी बोटीच्या कप्तानाला जपानने पकडलं. दुर्मिळ खनिजांची निर्यात अडली, कप्तान दोन-तीन आठवड्यांत सुटला. चीनला लगेच यश. पण जपानने २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत २५ कोटी डॉलर ओतले, आणि चीनवरचं अवलंबन नव्वद टक्क्यांवरून साठाच्या आसपास आणलं. हे हत्यार एकदा उपसलं की गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधायला लागतं.

अबोली_

मग उठवता येतील असे निर्बंध कुणी घालतं का? की सगळेच जॅक्सन-वॅनिक?

कारभारी

युरोपची पद्धत मला त्यातल्या त्यात बरी वाटते. २०१४ पासून रशियावरचे त्यांचे आर्थिक निर्बंध सहा-सहा महिन्यांचे असतात, प्रत्येक वेळी सगळ्या सदस्यांनी एकमताने मुदत वाढवायची. कुणी काही केलं नाही तर ते आपोआप संपतात. त्यात त्रासही आहे, हंगेरीसारखा एखादा देश दर वेळी अडून बसतो आणि काहीतरी पदरात पाडून घेतो. अमेरिकेत उलट, काही केलं नाही तर राहतात. क्यूबावरची बंदी १९६२ ची, आणि १९९६ च्या हेल्म्स-बर्टन कायद्याने ती कायद्यात बांधून टाकली. आता कुठल्याही अध्यक्षाला ती एकट्याने पूर्ण काढता येत नाही. संयुक्त राष्ट्रांची आमसभा १९९२ पासून तिच्याविरुद्ध ठराव करतेय.

जमाखर्च

उठल्यावरही उठत नाहीत, त्याचं ताजं उदाहरण सीरिया. अमेरिकेचा २०१९ चा सीझर कायदा असादच्या राजवटीविरुद्ध होता. असाद डिसेंबर २०२४ मध्ये मॉस्कोला पळाला. कायदा जागेवरच राहिला. मे २०२५ मध्ये ट्रम्प यांनी रियाधमध्ये निर्बंध उठवत असल्याची घोषणा केली, दमास्कसमध्ये लोक रस्त्यावर येऊन नाचले. पण त्या कायद्यातून अमेरिकी सरकारने तेव्हा दिली ती १८० दिवसांची सूट. कायदा काढायचा तर काँग्रेसकडे जावं लागणार होतं, आणि तो रद्द व्हायला डिसेंबर २०२५ उजाडला.

आता वीजकेंद्राचं कर्ज पंधरा-वीस वर्षांचं असतं. सूट होती १८० दिवसांची. आमच्या समितीसमोर असा प्रस्ताव आला असता तर चर्चा पाच मिनिटंही चालली नसती.

तिरकस

आणि शेरा?

जमाखर्च

'धोरण म्हणून घेत नाही.'